हार्डविक हॉलच्या खिडक्या

लंडनहून उत्तरेकडे जाणारा मोठा हमरस्ता डर्बीशायर परगण्यात शिरला, की काही वेळाने प्रवाशाच्या उजव्या हाताला टेकडीच्या माथ्यावर एक इमारत दिसू लागते. सहा चौकोनी मनोरे, त्यांच्यामध्ये पसरलेले सपाट छप्पर, आणि वरपासून खालपर्यंत खिडक्याच खिडक्या. सूर्य मावळतीला कलला म्हणजे तिची पश्चिमेकडील दर्शनी बाजू अशी झळाळून उठते, की आत आग लागली आहे की काय अशी शंका यावी. मनोऱ्यांच्या माथ्यावर, कठड्याच्या दगडी नक्षीत, दोन इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत : ‘ई’ आणि ‘एस’. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती मैलभर अंतरावरूनही वाचता येतात. ही अक्षरे कोणा राजाची नव्हेत, संताची तर नव्हेतच. एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, ह्या सत्तरीकडे झुकलेल्या विधवेच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. इमारतीचे नाव हार्डविक हॉल.

इंग्लंडात जुन्या वास्तूंची एक सरकारी यादी असते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीने शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली तेव्हा काय राखायचे आणि काय पाडू द्यायचे हा प्रश्न निकडीचा होऊन बसला, आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने ह्या यादीला पक्के रूप दिले. यादीत नाव चढले, की मालकाला आपल्याच घराची भिंत पाडायची किंवा खिडकी बदलायची झाली तरी परवानगी काढावी लागते. आणि ही अट बाहेरच्या रूपापुरतीच नसून आतल्या जिन्याला, छताला आणि चुलाण्यालाही लागू असते. ह्या यादीत पहिल्या श्रेणीत मोडणाऱ्या वास्तू जेमतेम अडीच टक्के आहेत. हार्डविक हॉल त्यांपैकी एक आहे. परंतु श्रेणीच्या शिक्क्याने ह्या घराची थोरवी कळत नाही. ती कळण्यासाठी ते बांधणारी बाई कोण होती, येथून आरंभ करावा लागतो.

एलिझाबेथ, किंवा इतिहासात ती ज्या लाडक्या नावाने वावरते ती बेस, सुमारे १५२७ साली ह्याच टेकडीवरच्या एका बेताच्या जमीनदार घरात जन्मली. बाप ती तान्ही असतानाच वारला. पुढे तिची चार लग्ने झाली आणि चारही नवरे तिच्याआधी गेले. पहिला रॉबर्ट बार्ली अल्पवयातच १५४४ मध्ये वारला. दुसरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा राजाच्या खजिन्याशी संबंधित असलेला मातब्बर अधिकारी. बेसची सारी मुले त्याच्यापासूनची. तिच्याच आग्रहावरून त्याने डर्बीशायरमध्ये जमिनी घेतल्या, आणि १५५२ मध्ये चॅट्सवर्थ येथे मोठे घर बांधायला काढले. तो १५५७ मध्ये गेला. तिसरा सर विल्यम सेंट लो १५६५ मध्ये मरण पावला. चौथा नवरा श्रूजबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडातील अत्यंत धनाढ्य उमरावांपैकी एक. इंग्लिश कायद्याप्रमाणे विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचे उत्पन्न तहहयात मिळे. लग्नाच्या वेळी केलेल्या करारांनी त्यात आणखी भर पडे. चार वेळा विधवा झालेली, आणि प्रत्येक वेळी कागदपत्रे काळजीपूर्वक करून घेतलेली बाई शेवटी किती श्रीमंत झाली असेल, ह्याचा हिशेब कोणालाही मांडता येईल. बेस स्वतः तो मांडत असे. तिच्या जमाखर्चाच्या वह्या आजही शिल्लक आहेत, आणि त्यांत तिच्या स्वतःच्या हाताच्या सह्या आहेत.

चौथा संसार मात्र सुखाचा झाला नाही. स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी इंग्लंडच्या कैदेत होती, आणि १५६९ पासून १५८४ पर्यंत तिच्यावर पहारा ठेवण्याचे काम एलिझाबेथ राणीने ह्याच अर्लकडे सोपविले होते. एवढ्या मोठ्या कैद्याला, तिच्या लवाजम्यासह, पदरचा खर्च करून सांभाळता सांभाळता अर्ल मेटाकुटीस आला. बेस आरंभी मेरीच्या शेजारी बसून भरतकाम करीत असे. पुढे ह्या दोघी स्त्रियांत आणि नवराबायकोतही विकोपाला गेले. बेस नवऱ्यापासून निराळी झाली आणि माहेरच्या टेकडीवर येऊन राहिली. तेथे १५८७ मध्ये तिने बापाच्या जुन्या घराभोवती नवे बांधकाम सुरू केले. ते अद्याप पुरे व्हायचे होते, तोच १५९० च्या अखेरीस अर्ल वारला. तिच्या हाती अमाप पैसा आला. तेव्हा तिने जुने घर पाडले नाही, त्याचे काम थांबविलेही नाही. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या, पूर्णपणे नव्या घराचा पाया तिने घातला. दोन्ही घरांचे काम काही वर्षे शेजारी शेजारी चालले होते. आज जुन्या हॉलच्या छप्पर नसलेल्या भिंती नव्या हॉलसमोर उभ्या आहेत. नव्याचे नवेपण त्या पडक्या घरापुढे उभे राहिले म्हणजे अधिकच ध्यानात येते. कारण जुने घर वेळोवेळी सुचेल तसे वाढत गेले आहे, तर नवे घर एकाच मनाने, एकाच वेळी आणि एकाच कागदावर कल्पिलेले आहे.

तो कागद कोणाचा, ह्याविषयी अभ्यासकांचे बहुतेक एकमत आहे. रॉबर्ट स्मिथसन हा मूळचा पाथरवट. लाँगलीट येथील प्रचंड घरावर त्याने काम केले, नंतर नॉटिंगहॅमजवळ वुलटन हॉल बांधला, आणि त्याच्या घराण्याने जपून ठेवलेल्या नकाशांत हार्डविकच्या आराखड्याशी मिळताजुळता एक आराखडा सापडतो. १६१४ मध्ये तो वारला तेव्हा वुलटनच्या चर्चमधील त्याच्या स्मृतिशिलेवर त्याला ‘स्थपती’ म्हटले गेले. त्या काळच्या इंग्लंडात हा शब्द अगदी नवखा होता. घर बांधणारा तो गवंड्यांचा मुकादम, असाच तोवरचा समज. तरीही हार्डविकचे सगळे श्रेय एकट्या स्मिथसनला देणे न्यायाचे होणार नाही. बेसने त्यापूर्वी चॅट्सवर्थ बांधले होते, जुना हॉल बांधला होता, नवऱ्यांची घरे पाहिली होती. घर म्हणजे काय हे तिला चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. आराखडा स्मिथसनचा असेल, पण हट्ट तिचा आहे.

आराखडा वरकरणी अगदी साधा. मध्ये एक लांबट आयत. त्याच्या दोन्ही लांब बाजूंना दोन दोन, आणि आखूड बाजूंना एक एक, असे सहा चौकोनी मनोरे. हे मनोरे मुख्य छपराच्या वर आणखी एक मजला चढतात. इमारतीभोवती माणूस फिरू लागला, की हे मनोरे कधी एकमेकांजवळ सरकल्यासारखे, तर कधी पांगल्यासारखे दिसतात. एकच घर दर वीस पावलांवर निराळी आकृती धारण करते. उजवीकडे जे आहे ते डावीकडे असलेच पाहिजे, हा नियम चारही बाजूंनी पाळलेला आहे. बाहेरच्या भिंतीवर कोरीव काम जवळपास नाही. खाली दोन मनोऱ्यांच्या मध्ये रोमन धर्तीच्या खांबांची एक ओवरी, वर कठड्यातील ती अक्षरे, आणि मध्ये नुसत्या काचा. अलंकार न घालता केवळ प्रमाणाच्या बळावर भव्य दिसणे, हे त्या काळच्या इंग्लंडात फार थोड्या घरांना साधले.

खिडक्यांची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. सोळाव्या शतकात काच ही चैनीची वस्तू होती. ती फुंकून करीत. मोठी तावदाने निघतच नसत. लहान लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून, ते जाळे दगडाच्या उभ्या-आडव्या चौकटीत बसवावे लागे. सामान्य माणसाच्या घरी खिडकीला लाकडी झडप असे, किंवा तेल लावलेले कापड. ज्याच्याकडे काचा असत तो कधी कधी घर सोडताना त्या काढून बरोबर नेई, इतके त्यांचे मोल. अशा काळात बेसने एका टेकडीच्या माथ्यावर काचेचा जणू कंदील उभा केला. हे तिला परवडले ह्याचे कारण, काच ती बाजारातून विकत घेत नव्हती. काचेची भट्टी तिची स्वतःची, शिसे तिच्याच मुलखातले, दगड टेकडीच्याच उतारावरील खाणीतला. डर्बीशायरच्या डोंगरांतील काळा दगड आणि मऊ पांढरा अलबास्टर आतल्या चुलाण्यांसाठी आणला गेला. एका अर्थाने हे घर म्हणजे तिच्या जहागिरीची जंत्रीच आहे. भिंतीपेक्षा काच अधिक, अशी ह्या घराची ख्याती झाली, आणि त्यावरचे एक यमकही लोकांच्या तोंडी बसले. खिडक्यांवरचा कर चुकविण्यासाठी इंग्लंडात लोकांनी खिडक्या बुजविल्या, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पण तो कर १६९६ मध्ये आला. बेसच्या काळी खिडक्यांवर पडत होती ती फक्त शेजाऱ्यांची नजर.

पण भिंतीत एवढी भोके पाडली तर घर उभे कसे राहणार? आणि इंग्लंडसारख्या थंड देशात प्रत्येक खोलीला शेकोटी हवी. तिचे धुराडे कोठून वर न्यायचे? सामान्यतः धुराडी बाहेरच्या भिंतीत बांधीत. हार्डविकमध्ये बहुतेक धुराडी घराच्या मधोमध गेलेल्या जाड भिंतीतून वर नेली आहेत. हीच भिंत घराचा कणा. तिने भार पेलला, धूर वाहून नेला, आणि बाहेरच्या भिंती काचेसाठी मोकळ्या झाल्या. मनोरेही नुसते शोभेचे नाहीत; ते बाहेरच्या भिंतींना टेकू देतात. तरीसुद्धा सगळे हिशेब काही जुळले नाहीत. काही ठिकाणी बाहेरून खिडकी दिसते आणि आत तिच्या पाठीशी विटांचे धुराडे असते. काही ठिकाणी बाहेरून एकच उंच खिडकी, पण आत तिच्या मध्यावर तक्तपोशी आडवी जाऊन दोन ठेंगण्या खोल्या झालेल्या. बाहेरचा तोल सांभाळण्यासाठी आत ही लबाडी करावी लागली. काटेकोर टीकाकार ह्याला दोष म्हणतील. परंतु चारही बाजूंनी सारखे दिसायचे असे एकदा ठरविल्यावर, स्वयंपाकघरापासून राणीच्या शयनगृहापर्यंतचे सारे प्रपंच त्या एकाच साच्यात बसविताना एखाददुसरी खोटी खिडकी आली, तर ती क्षम्य मानावी.

घर तीन मजल्यांचे आहे, आणि त्याच्या खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात. साधारण घरात तळमजला मानाचा असतो आणि वरचे मजले ठेंगणे होत जातात. येथे नेमके उलट आहे. तळाला नोकरचाकर, स्वयंपाक, कोठ्या; मधल्या मजल्यावर बेसचा रोजचा संसार; आणि सर्वांत वर, सर्वांत उंच खिडक्यांच्या आड, दरबारी दालने. बाहेरून पाहणाऱ्यालाही कोण कोठे बसते हे खिडकीच्या उंचीवरून कळावे, अशी ही योजना.

आत पाऊल टाकताच जे दालन लागते त्याला ‘हॉल’ म्हणतात. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातसुद्धा पुढच्या खोलीला हाच शब्द लावण्याची आता रीत पडली आहे. पण त्या शब्दाच्या मागे केवढा इतिहास आहे! मध्ययुगीन इंग्लंडात हॉल म्हणजेच घर होते. धनी, त्याचे कुटुंब, गडी, पाहुणे, सगळे एकाच मोठ्या दालनात जेवत. धनी एका टोकाला चौथऱ्यावर बसे, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराची वाट असे. म्हणून हॉल नेहमी घराच्या दर्शनी बाजूला समांतर, आडवा असे, आणि दरवाजा त्याच्या एका कोपऱ्यात येई. हार्डविकमध्ये स्मिथसनने हॉल फिरविला. तो दर्शनी दरवाजातून थेट मागपर्यंत, घराच्या आरपार गेला. इंग्लंडातील अशा रचनेच्या अगदी पहिल्या उदाहरणांत ह्याची गणना होते. दरवाजा मधोमध आला आणि बाहेरचा तोल साधला. पण त्याबरोबर एक जुनी जीवनपद्धतीही मोडली. कारण धनीण आता हॉलमध्ये जेवणार नव्हती. हॉल झाला नोकरांचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचा. मालक आणि चाकर एका छपराखाली, पण एका पंक्तीला नाहीत, ही गोष्ट ह्या घराच्या नकाशातच लिहिलेली आहे.

हॉलमधून निघतो तो जिना मात्र अपूर्व आहे. रुंद, दगडी, बसक्या पायऱ्यांचा. तो सरळ वर चढत नाही, तर वळणे घेत, कधी अंधाऱ्या बोळातून तर कधी एकाएकी उजेडात, साऱ्या घरातून हिंडत हिंडत वर जातो. सणासमारंभाच्या दिवशी खालच्या स्वयंपाकघरातून पक्वान्नांची ताटे ह्याच जिन्याने मिरवणुकीने वर जात. अन्न वर पोचेपर्यंत निवून जात असणार हे उघड आहे. पण दरबारी जेवणात अन्नाच्या उष्णतेपेक्षा मिरवणुकीच्या लांबीला अधिक महत्त्व असावे.

जिना संपतो तेथे वरचे महादालन लागते. भिंतींच्या खालच्या भागावर ब्रसेल्सचे विणलेले भित्तिपट, युलिसीसच्या कथेचे; आणि त्यांच्या वर, छतापर्यंत, चुन्याच्या गिलाव्यात उठावाने काढून रंगविलेले एक अखंड अरण्य. एब्रहॅम स्मिथ नावाच्या कारागिराचे हे काम. झाडांच्या दाट बुंध्यांतून हरणे, हत्ती, सिंह डोकावतात, शिकारी धावतात, आणि मध्यभागी मृगयेची कुमारी देवता डायना आपल्या सख्यांसह बसलेली आहे. रंग आता पुष्कळ विटले आहेत. कुमारी देवता म्हणजे कुमारी राणी, हे त्या काळच्या कोणालाही सांगावे लागले नसते. चुलाण्यावर राणीचे राजचिन्हही कोरलेले आहे. हे सारे दालन एलिझाबेथ राणीच्या स्वागतासाठी सजवून ठेवले होते.

ह्याच मजल्याच्या पूर्व बाजूला, घराच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लांब दालन पसरले आहे. त्याची लांबी सुमारे ५० मीटर. बाहेर पाऊस असला म्हणजे उमराव मंडळी येथे येरझारा घालीत, गप्पा मारीत, तसबिरी पाहत. खिडक्यांसमोरच्या भिंतीवर गिडियन ह्या बायबलमधील वीराची कथा विणलेले तेरा भित्तिपट आहेत. उंची जवळजवळ ६ मीटर, सगळ्यांची मिळून लांबी ७० मीटरांहून अधिक. ते बेसने विणवून घेतले नाहीत. सर क्रिस्टोफर हॅटन हा राणीचा चॅन्सेलर कर्ज ठेवून मेला, तेव्हा १५९२ मध्ये तिने ते त्याच्या वारसाकडून सुमारे ३२६ पौंडांना घेतले. त्यांवर हॅटनची कुलचिन्हे विणलेली होती. ती बदलण्याचा खर्च म्हणून तिने किमतीतून ५ पौंड कापून घेतले, आणि मग आपली चिन्हे कापडावर रंगवून त्यांवर शिवून टाकली. हॅटनच्या चिन्हात हरिणी होती, कॅव्हेंडिश घराण्याचा काळवीट. तेव्हा हरिणीला शिंगे काढली, की काम भागले. जमाखर्च पाहणारा कोणताही अनुभवी कारकून ह्या व्यवहाराला मनोमन दाद देईल.

१५९७ च्या ऑक्टोबरात बेस नव्या घरात राहावयास आली. वय सत्तरीच्या आसपास. राणी मात्र कधीच आली नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो पाहुणा दारी आला नाही. आणि ह्या न येण्याच्या मागे आणखी एक दुःख होते. बेसची मुलगी स्कॉटलंडच्या राजघराण्यात दिली होती, आणि तिची मुलगी आर्बेला स्टुअर्ट ही इंग्लंडच्या सिंहासनाच्या वारसांपैकी एक होती. आईबाप लहानपणीच गेलेल्या ह्या नातीला बेसने सांभाळले. उद्या ही राणी होईल, तर तिला शोभेल असे घर असावे, हा विचार त्या उंच दालनांच्या मागे असावा असे अनेकांना वाटते. पण मोठ्या आशेने राखलेली नात म्हणजे डोळ्यांत तेल घालून राखलेली कैदीणच झाली. देशातल्या सर्वांत अधिक खिडक्यांच्या घरातून तिला बाहेर जाता येत नव्हते. तिने सुटकेचे बेत केले, ते फसले; आजी आणि नात एकमेकींना दुरावल्या. १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी वारली, गादी स्कॉटलंडच्या जेम्सकडे गेली, आणि आर्बेला पुढे १६१५ मध्ये लंडनच्या किल्ल्यात बंदिवासात मरण पावली. बेस त्याआधीच, १६०८ च्या फेब्रुवारीत, गेली होती.

तिचे ह्या घरातले अखेरचे दिवस कसे गेले, ह्याचा एक दाखला १६०१ च्या यादीत आहे. मृत्युपत्राच्या वेळी घरातल्या प्रत्येक खोलीतील वस्तूंची मोजदाद केली गेली. वरच्या दालनांत रेशीम, जर, तुर्की गालिचे. बेसच्या स्वतःच्या शयनगृहात पांघरुणांची लांबलचक यादी. आणि त्यातच खिडकीवर टांगण्यासाठी तीन जाड पांघरुणे, शिवाय दारांवर टांगण्यासाठी आणखी. काच प्रकाश आत घेते तशी थंडीही घेते. डर्बीशायरच्या उघड्या टेकडीवर, हिवाळ्याच्या वाऱ्यात, म्हातारी आपल्याच हौसेच्या खिडक्यांना गोधड्या लावून बसली होती. फ्रान्सिस बेकनने पुढे आपल्या घरबांधणीवरील निबंधात अशा काचमय घरांविषयी तक्रार केली आहे, की त्यांत ऊन आणि थंडी चुकवून बसावे कोठे हेच समजत नाही. त्याने हार्डविकचे नाव घेतलेले नाही.

बेसच्या पश्चात तिचा मुलगा विल्यम डेव्हनशरचा अर्ल झाला. त्याचे वंशज पुढे ड्यूक झाले. त्यांनी चॅट्सवर्थ हे मुख्य घर मानले. नव्या नव्या अभिरुचीप्रमाणे चॅट्सवर्थ पाडले गेले, पुन्हा बांधले गेले, सजविले गेले. हार्डविककडे दुर्लक्ष झाले, आणि त्या दुर्लक्षानेच ते वाचले. तत्त्वज्ञ टॉमस हॉब्ज ह्या घराण्याचा शिक्षक होता; १६७९ मध्ये तो येथेच वारला. एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकला जुन्या काळाचे वेड होते. त्याने जुने सामान हलवून घर आणखी पुराणे दिसेल असे केले. मेरी राणीची म्हणून एक खोलीही येथे दाखविली जाऊ लागली. बिचारीचा शिरच्छेद १५८७ मध्ये झाला. हे घर त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले!

१९५० मध्ये दहावा ड्यूक अकस्मात वारला आणि मालमत्तेवर शेकडा ऐंशी दराने मृत्युकर बसला. तो फेडण्यासाठी कुटुंबाने पुष्कळ काही दिले, त्यांत हार्डविकही होते. सरकारने ते कराच्या बदल्यात घेतले, आणि १९५९ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेकडे आले. येथे राहिलेली शेवटची व्यक्ती म्हणजे नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन. एका विधवेने उभारलेले घर शेवटी दुसऱ्या विधवेने राखले. ही बाई सुईत निपुण होती. विरलेल्या पडद्यांवर आणि भित्तिपटांवर तिने वर्षानुवर्षे स्वतः टाके घातले.

आज घर राखणाऱ्यांपुढे जो पेच आहे तो मात्र टाक्यांनी सुटणारा नाही. बेसने आपल्या वारसांना मृत्युपत्रात बजावले होते, की हे पडदे, ही वस्त्रे ओल आणि कसर ह्यांपासून जपा. उजेडाचे नाव तिने घेतले नाही. उजेड हा तिला शत्रू वाटलाच नसेल. पण रेशीम आणि लोकर ह्यांचा खरा शत्रू तोच. सूर्यप्रकाशाने धागा ठिसूळ होतो, रंग उडतो, आणि झालेली हानी भरून येत नाही. आज थोडा, उद्या थोडा, असा उजेड साठत जातो. त्या काळी हिरवा रंग निळ्यावर पिवळा चढवून करीत. पिवळा आधी उडतो; म्हणून जुन्या भित्तिपटांतील झाडेझुडपे आता निळी दिसतात. अशा वस्त्रांवर ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये असा संग्रहालयांचा दंडक आहे. बाहेरच्या उघड्या उन्हात तो आकडा हजारोंनी मोजावा लागतो. तेव्हा पूर्वेच्या त्या प्रचंड खिडक्यांवर पडदे ओढून ठेवणे भाग आहे. काचेसाठी जगप्रसिद्ध झालेले घर आतून मंद अंधाराचे झाले आहे.

ह्यावर दोन बाजूंनी बोलता येते. वास्तुकलेच्या अभ्यासकाला वाटेल, की स्मिथसनने प्रकाशाचे जे दालन बांधले ते पडदे ओढून पाहणे म्हणजे ते न पाहणेच होय. वस्त्रांच्या अभ्यासकाला वाटेल, की दगड आणि काच पुन्हा घालता येतात, चारशे वर्षांपूर्वीचा धागा पुन्हा विणता येत नाही. दुसऱ्याचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे, आणि ट्रस्टने तेच मानले. पण पहिल्याचे दुःखही खोटे नाही. कारण घर आणि त्यातले सामान ह्यांची अशी मूळची जोडी इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी टिकली आहे, आणि येथे ती टिकविण्यासाठी एकीला दुसरीपासून झाकावे लागते. बाहेर मात्र पडदा ओढता येत नाही. टेकडीचा वाळूचा दगड वाऱ्यापावसाने झिजतो. जीर्ण झालेला एक एक दगड पाथरवटांना पुन्हा घडवून बसवावा लागतो.

गिडियनचे तेरा पट एकामागून एक उतरवून, धुऊन, उसवलेले धागे आधाराच्या कापडावर टाचून पुन्हा लावण्याचे काम २४ वर्षे चालले होते. ते २०२३ मध्ये संपले. लांब दालनात आता तेराही पट आपापल्या जागी आहेत. पाहुणे आत येतात तेव्हा प्रथम काहीच नीट दिसत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत ते दाराशीच उभे राहतात, आणि मग हळूहळू भिंतीवर घोडे, भाले, मशाली धरलेले हात, आणि कोपऱ्यात शिंगे काढलेली ती हरिणी, एकेक करून दिसू लागतात.